सगळ्यांना माहीत असलेलं आधी लिहा: आठवणींचं पुस्तक पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आत्याच्या आठवणींचं पुस्तक छापून आलं त्या संध्याकाळी घरात पंधरा-वीस माणसं जमली होती. प्रत्येकाच्या हातात एक प्रत, आणि जो तो आपलं नाव कुठल्या पानावर आहे ते शोधत होता. तेवढ्यात भाचीची दहा वर्षांची मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मावशीआजी, यातले दादा कोण?"

दादा म्हणजे माझे आजोबा, आत्याचे वडील. १४४ पानांचं पुस्तक, दर तिसऱ्या पानावर दादा, आणि ते कोण हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांचं खरं नावसुद्धा नव्हतं. मजकूर मी लिहिला, भावाने तपासला, प्रुफं, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रती, तिघांनी वाचली. खटकलं कुणालाच नाही, कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हापासून मी आणखी दोन पुस्तकं केली, एक नात्यातल्या गृहस्थांचं आणि एक बंद पडलेल्या कारखान्याच्या वसाहतीचं. तिन्हींतून शिकलेली गोष्ट एकच. जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी लिहून ठेवत नाही, आणि म्हणून तेच आधी नाहीसं होतं. मोठे प्रसंग टिकतात, ते दहा तोंडांनी सांगितले जातात. रात्री दिवा कोण मालवायचं, हे मात्र त्या घरातलं शेवटचं माणूस गेलं की गेलं. खालच्या सगळ्या पायऱ्या एवढ्याचसाठी आहेत. तुमच्यातल्या कुणालाही न ओळखणारा वाचक पन्नास वर्षांनी पुस्तक उघडेल, तेव्हा त्याला आत शिरता आलं पाहिजे.

१. आवाका लहान ठेवा

नवखा माणूस हमखास जन्मापासून आजपर्यंतचं सगळं लिहायला घेतो. वंशावळ सातव्या पिढीपर्यंत नेता नेता दोन वर्षं जातात, आणि मग ज्यांना विचारायचं तेच राहत नाहीत. एक माणूस आणि एक कालखंड घ्या. किंवा एक घर. तेवढं पुरतं.

कालखंड कोणता, याला थोडा आधार आहे. उतारवयातल्या लोकांना साधारण १० ते ३० या वयातलं बाकीच्या वयापेक्षा जास्त आठवतं, हे मानसशास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा आढळलेलं आहे. पहिली नोकरी, पहिलं घर सोडणं, पहिलं मोठं भांडण, सगळं याच पट्ट्यात येतं. तिथून सुरुवात केली तर बोलणारा लवकर रंगतो. मधली संसाराची वर्षं त्याच्या लेखी एकसारखी असतात, तिथे सुरुवातीला फार खणू नका.

पानांचा हिशेबही आधीच करून ठेवा. सावकाश बोलणाऱ्याच्या एका तासाचे साधारण सहा हजार शब्द होतात. दहा तासांचे साठ हजार. त्यातला निम्मा मजकूर गळतो. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराच्या पानावर तीनशेच्या आसपास शब्द बसतात, म्हणजे शंभर पानं झाली. त्यात फोटो, नकाशा, नावांची यादी धरली की १२८. पुस्तक बहुधा १६ पानांच्या फॉर्मात, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांत छापलं जातं, त्यामुळे हा आकडा सोळाच्या पटीत ठेवला तर शेवटी कोरी पानं भरायची पंचाईत होत नाही. सांगायचा मुद्दा असा की दहा तासांच्या गप्पांत नीटस पुस्तक होतं. दहा वर्षं लागत नाहीत.

आणि हे सगळं ठरेपर्यंत थांबूही नका. समोरचं माणूस ऐंशीच्या पुढचं असेल तर पहिली बैठक या आठवड्यात करा, आवाका पुढच्या आठवड्यात ठरवा.

२. बोलतं करा

मी आत्याला पहिला प्रश्न विचारला, "आत्या, तुझं लहानपण कसं गेलं?"

"चांगलं गेलं हो."

यापुढे अर्धा मिनिट शांतता. मग ती म्हणाली, "तुला काय पाहिजे ते विचार, मी सांगते." आणि मला काय पाहिजे ते मलाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अल्बम घेऊन गेले. एका फोटोत तीन मुली पायरीवर उभ्या आहेत, मधली आत्या. दोघी हसताहेत, ती नाही. मी नुसतं बोट ठेवलं. "अगं, ती चप्पल धाकटीची आहे," ती म्हणाली. "माझी आदल्या दिवशी हरवली होती. फोटो काढायचा म्हणून तिची घातली, आणि तिला मागे उभी केली, पाय दिसू नयेत म्हणून. बघ, तिचे पाय दिसतायत का?" दिसत नव्हते. तीस वर्षं तो फोटो मी पाहत होते. पुढची चाळीस मिनिटं मी एकही प्रश्न विचारला नाही. चप्पल कशी हरवली, घरी सांगायला कोण गेलं, नवी कधी मिळाली, त्या वेळी कुणाकडे किती जोड असायचे, सगळं आपोआप आलं.

तेव्हा "कसं होतं" असं विचारू नका. एखादी वस्तू पुढे ठेवा. फोटो, जुनं पत्र, कुलूप, चष्म्याचं घर, काहीही चालेल. मला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे कोरा कागद. लहानपणीच्या घराचा नकाशा काढायला सांगा. हात थरथरला तरी चालतो. दार कुठे होतं, खिडकीतून काय दिसायचं, कोण कुठे झोपायचं, रात्री उठल्यावर कुणाला ओलांडून जावं लागायचं? नकाशा काढता काढता माणूस घरात फिरू लागतं, आणि तुम्ही मागोमाग. हाच कागद पुढे पुस्तकातही जातो.

प्रश्न विचारायचेच तर ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'चांगलं' असं देता येणार नाही असे विचारा. सकाळी सर्वांत आधी कोण उठायचं? घरात कुणाचा आवाज चढायचा आणि कशावरून? पैसे कुठे ठेवलेले असायचे आणि ते कुणाला ठाऊक होतं? रडायचं झालं तर कुठे जायचीस? या शेवटच्या प्रश्नाला मला आजवर कुणी एका वाक्यात उत्तर दिलेलं नाही.

आता यंत्राकडे. फोनवरचं रेकॉर्डिंग पुरतं, पण आधी एक मिनिट रेकॉर्ड करून कानाला इअरफोन लावून ऐका. मी हे केलं नाही, आणि एका बैठकीची चाळीस मिनिटं फक्त पंख्याची घरघर साठवून बसले. पंखा बंद करा. फोन विमान मोडवर टाका आणि उघड्या टेबलावर न ठेवता घडी घातलेल्या कापडावर ठेवा, नाहीतर कपबशीचा प्रत्येक ठोका आत उमटतो. जमलं तर फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात घ्या. जागा जास्त खाते, पण आवाज दाबला जात नाही. आणि सुरुवातीला तारीख, जागा, कोण बोलतंय आणि कोण विचारतंय हे मोठ्याने बोला. तेव्हा वेड्यासारखं वाटतं. पाच वर्षांनी 'रेकॉर्डिंग १७' नावाची फाइल उघडल्यावर वाटत नाही.

बैठक तास-दीड तासापेक्षा लांबवू नका. समोरचं माणूस गप्प झालं की मनात दहा अंक मोजा. नवख्याला ती शांतता सोसत नाही, तो चटकन पुढचा प्रश्न टाकतो, आणि येऊ घातलेली गोष्ट परत जाते. मीच माझ्या जुन्या फाइली ऐकते तेव्हा स्वतःचा आवाज ऐकून वैताग येतो: किती बोलते ही बाई!

"हे बंद कर," असं म्हटलं की लगेच बंद करायचं. नंतर जे सांगितलं जाईल ते पुस्तकासाठी नाही, जोवर त्यांनी स्वतःहून हो म्हटलेलं नाही तोवर.

दोघांना एकत्र बसवावं का? एकदा जरूर बसवा, पण आधी दोघांशी वेगवेगळं बोलून झाल्यावर. एकत्र बसले की एकमेकांना दुरुस्त करतात, त्यात मजा येते. पण ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण दोघांची होऊन बसते.

३. शब्द कागदावर उतरवा

हे काम कंटाळवाणं आहे, गोड बोलून सांगण्यात अर्थ नाही. एका तासाचं बोलणं उतरवायला चार ते सहा तास लागतात. हल्ली बोललेलं आपोआप लिहून देणारी साधनं आहेत, कच्च्या खर्ड्यासाठी जरूर वापरा, पण नावं, टोपणनावं आणि घरगुती शब्द ती हमखास बिघडवतात. तुमच्या पुस्तकाचा जीव नेमका त्या शब्दांत असतो, म्हणून आवाज ऐकत ओळ न् ओळ तपासावी लागतेच.

दर पाच मिनिटांनी समासात वेळ टाका. नंतर एखादं वाक्य पुन्हा ऐकायचं झालं तर सापडतं. टायपिंग युनिकोडमध्येच करा, म्हणजे ते कुठल्याही संगणकावर वाचता येतं. जुन्या डीटीपी फाँटमध्ये केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की नुसत्या खाणाखुणा दिसतात. वसाहतीच्या पुस्तकासाठी मला एक जुनी स्मरणिका अशा फाइलमध्ये मिळाली होती. छापील प्रत कुणाकडे तरी सापडली म्हणून निभावलं, सगळी पुन्हा टाइप केली.

उतरवून झालं की मूळ आवाज पुसू नका. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९४८ साली मौखिक इतिहासाचं, म्हणजे लोकांच्या तोंडून आठवणी टिपून ठेवण्याचं केंद्र सुरू झालं. मुलाखती टेपवर घ्यायच्या आणि टाइप करून ठेवायच्या, अशी पद्धत पडली. सुरुवातीच्या काळात टेप महाग, म्हणून मजकूर टाइप झाला की त्याच टेपवर पुढची मुलाखत घेतली जायची. शब्द राहिले, आवाज गेले. आपल्याकडे आता ती सबब नाही.

४. आठवण आणि तारीख जुळत नाही तेव्हा

जुळणार नाहीच. आत्या म्हणायची की घर सोडलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. शाळेच्या दाखल्यावरून ती तेरा वर्षांची निघाली. मी दाखला काढून तिच्यापुढे धरला, आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझंच चुकलं. तिने दाखल्यातली तारीख विचारलीच नव्हती. घर सोडताना ती लहान होती, एवढं ती सांगत होती.

इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या शहरात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मारला गेला. साल १९४९, निमित्त नाटो कराराविरुद्धचा मोर्चा. पुढे मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तिथल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा कितीतरी जणांनी तो मृत्यू १९५३ सालच्या नोकरकपातीविरुद्धच्या आंदोलनात झाला असं सांगितलं. पोर्तेल्लींनी ही चूक खोडून पुढे जायचं नाकारलं. इतकी माणसं एकच चूक का करताहेत, हा त्यांचा प्रश्न होता. कामगारांच्या आयुष्यातला खरा घाव नोकऱ्या जाण्याचा होता, म्हणून आपल्या माणसाचा मृत्यू त्यांनी त्या घावाशेजारी नेऊन ठेवला होता.

घरगुती पुस्तकात याचं व्यवहारी रूप सोपं आहे. बोलणाऱ्याचं वाक्य तसंच ठेवा. खाली बारीक टाइपात टीप द्या: शाळेच्या दाखल्याप्रमाणे त्या वेळी वय १३. दोन्ही राहू द्या. वाचकाला कळतं.

५. सुधारा, पण इस्त्री करू नका

इथे सर्वांत जास्त पुस्तकं बिघडतात. आत्याच्या बोलण्यातला हा तुकडा जसाच्या तसा:

"तर ते, म्हणजे दादा, नाही, दादा नव्हते तेव्हा, काका होते, ते आले आणि मला म्हणाले, काय गं, किती वेळ, मी म्हटलं झालंच, आणि झालं नव्हतं काहीच, पाटी कोरीच होती."

मी पहिल्यांदा त्याचं हे केलं: "एके दिवशी काकांनी माझ्या अभ्यासाची चौकशी केली. अभ्यास पूर्ण झाल्याचे मी त्यांना खोटेच सांगितले."

व्याकरण बिनचूक, पण आत्या गेली कुठे? हे वाक्य कुणीही लिहिलं असतं. शेवटी छापलं ते असं: "काका आले आणि म्हणाले, काय गं, किती वेळ? मी म्हटलं, झालंच. झालं नव्हतं काहीच, पाटी कोरीच होती."

काढलं काय? अडखळणं आणि दादांचा गोंधळ. घातलं काय? विरामचिन्हं, बस. शब्दांचा क्रम तिचा, शब्द तिचे. कसोटी म्हणून छापायचा मजकूर तिच्या मुलासमोर मोठ्याने वाचा. "आई असंच बोलते," असं तो म्हणाला की थांबा. 'केले, गेले, म्हणाले' अशी शाळेतली प्रमाणभाषा घुसली असेल तर तो आधी हसेल, मग सांगेल.

मग दादा कोण हे सांगायचं कुठे? आत्याच्या तोंडी घालू नका. स्वतःच्या वडिलांची ओळख कुणी "माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू" अशी करून देत नाही. त्यासाठी जागा वेगळी ठेवा. प्रकरणाच्या सुरुवातीला तुमच्या आवाजात, तिरक्या टाइपात, चार ओळी: हे साल कोणतं, घरात कोण कोण होतं, पैसे कुठून येत होते. शिवाय पुस्तकाच्या सुरुवातीला 'कोण कुणाचं' असं एक पान: हाक मारायचं नाव, खरं नाव, नातं. आणि शेवटी त्या घरात वापरात असलेल्या शब्दांचे अर्थ. या तिन्ही गोष्टी तुमच्या पिढीला फुकट वाटतील. त्या तुमच्या पिढीसाठी नसतातच.

मूळ उतरवलेला मजकूर, अडखळण्यासकट, वेगळा जपा. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेल्या विष्णुभट गोडसे यांनी आपली हकीकत बऱ्याच वर्षांनी लिहून काढली. ती 'माझा प्रवास' म्हणून १९०७ साली छापली गेली, तेव्हा ते हयात नव्हते, आणि संपादक चिंतामणराव वैद्यांनी मजकुरात फेरफार केलेले होते. हस्तलिखित जपलेलं होतं म्हणूनच १९६६ साली इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदार मूळ पाठाबरहुकूम आवृत्ती काढू शकले. आपण वैद्यांच्या जागी असतो. उद्या कुणाला पोतदार व्हावंसं वाटलं तर त्याच्या हाती काहीतरी असू द्या.

६. विचारा, आणि लेखी विचारा

बोलणाऱ्याला संपूर्ण खर्डा वाचून दाखवा. डोळे अधू असतील तर मोठ्याने. आत्याने एक पान काढायला लावलं. माझ्या मते ते पुस्तकातलं सर्वांत चांगलं पान होतं. मी वाद घातला, हरले, काढलं. ते पान एका पाकिटात बंद आहे आणि पाकिटावर ते कधी उघडायचं याची तारीख तिच्या हातची आहे. मोठे अभिलेखागारही काही कागद ठरावीक वर्षं असेच बंद ठेवतात.

हयात माणसांबद्दल आजारपण, पैशाचे व्यवहार, लग्न मोडणं असं काही येत असेल तर त्यांना छापण्याआधी दाखवा किंवा नाव बदला. नाव बदललं तर तसं टिपेत लिहा. नाहीतर पुढचा कुणी त्या नावाचा माणूस शोधत बसेल.

जुन्या पत्रांबाबत अनेकांची गफलत होते. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण आतल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्यानंतर वारसांचा. छापायचं तर त्यांना विचारायला हवं.

७. फोटो

मूळ अल्बम कुणाच्या ताब्यात देऊ नका. मी एकदा दिला. परत आला तेव्हा डिंकाने चिकटवलेले चार फोटो सोलून काढलेले होते, मागची अक्षरं कागदालाच राहिली होती. स्वतः समोर बसून स्कॅन करून घ्या. फोटो त्याच आकारात छापायचा असेल तर ३०० डीपीआय (एका इंचात तीनशे ठिपके) पुरतं, पासपोर्टएवढा फोटो मोठा करायचा असेल तर ६०० किंवा त्याहून जास्त. मेसेजमधून फिरत आलेले फोटो छपाईला चालत नाहीत, वाटेत त्यांचा बराच तपशील दाबला गेलेला असतो.

फोटोखाली 'कुटुंबातील एक आनंदाचा क्षण' असलं काही लिहू नका. डावीकडून उजवीकडे नावं, साल (खात्री नसेल तर 'अंदाजे'), जागा, आणि फोटो कुणी काढला. चेहरा ओळखता आला नाही तर 'तिसरी व्यक्ती अनोळखी' असं छापा. माझ्या पुस्तकात अशा दोन जागा होत्या, छापल्यानंतर महिन्याभरात एकीचं नाव कळलं. मूळ फोटोच्या मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीने आणि अगदी कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

८. एका माणसाऐवजी अख्खी वस्ती असेल तर

पायऱ्या याच, फक्त कोण बोलतंय आणि कोण बोलत नाहीये याचा हिशेब वाढतो. वसाहतीच्या पुस्तकासाठी मी केलेल्या पहिल्या यादीत २२ नावं होती, त्यातली १९ पुरुषांची आणि बहुतेक सगळी सुपरवायझरच्या वरची. यादी मी त्यांच्याकडूनच घेतली होती, आणखी काय होणार! मग उलटीकडून विचारायला सुरुवात केली. पाणी कोण सोडायचं? रात्रपाळीला फाटकावर कोण? दवाखान्यात सुई कोण द्यायचं? या प्रश्नांनी नवी माणसं मिळाली, आणि कारखान्यातल्या संपाबद्दल एकमेकींच्या अगदी उलट हकीकतीही. त्या समोरासमोरच्या पानांवर छापल्या. दोन्ही बाजू माझ्यावर नाराज झाल्या, तेव्हा मला वाटलं, जमलं असावं.

या प्रकारच्या पुस्तकांचं सर्वांत जड उदाहरण म्हणजे यिझ्कोर पुस्तकं, नष्ट झालेल्या ज्यू वस्त्यांची स्मरणपुस्तकं. दुसऱ्या महायुद्धातल्या नरसंहारात पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या शेकडो वस्त्या नष्ट झाल्या. वाचलेले लोक देशोदेशी विखुरले होते. एकेका गावच्या लोकांनी एकत्र येऊन, वर्गणी काढून, आपल्या गावाचं पुस्तक केलं. लिहिणारे बहुतेक साधे लोक. त्यात कोणत्या गल्लीत कोण राहायचं याचे आठवणीतून हाताने काढलेले नकाशे आहेत, शाळा, दुकानं, गावातले वेडेबागडे आहेत, आणि मारल्या गेलेल्यांच्या नावांच्या लांबच लांब याद्या. कितीतरी जणांना दुसरं थडगं नाही. पण पुस्तकं यिडिश आणि हिब्रूत होती, प्रती थोड्या होत्या, आणि नातवंडांना ती वाचता येईनात. आज स्वयंसेवक एकेक प्रकरण इंग्रजीत आणताहेत. सगळ्यांना येत असलेली भाषासुद्धा 'सगळ्यांना माहीत' या खात्यातच जमा असते.

त्यांच्याकडून दोन गोष्टी उचला: नकाशा आणि नावांची संपूर्ण यादी. लेख कितीही चांगले असोत, वीस वर्षांनी लोक आधी यादीच उघडतात. आणि तिला पान क्रमांकांसह सूची जोडा, कंटाळा आला तरी.

९. छपाई

कागदाबद्दल चौकशी करा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास झाला, त्यातल्या आम्लामुळे तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणूनच त्याहून जुन्या, चिंध्यांपासून केलेल्या कागदाची पानं कित्येकदा जास्त पांढरी दिसतात. छापणाऱ्याला 'आम्लमुक्त कागद' म्हणून विचारा. टिकाऊ कागदासाठी आयएसओ ९७०६ हे मानक आहे. सगळी आवृत्ती त्यावर परवडत नसेल तर निदान दहा प्रती तशा काढा. बांधणी नुसत्या गोंदाची असेल तर पुस्तक चार-सहादा पुरतं उघडल्यावर पानं सुटायला लागू शकतात. शिलाईची बांधणी घ्या.

प्रुफं दोघांना वाचायला द्या, एक घरातलं आणि एक पूर्ण बाहेरचं. घरातलं माणूस नावं दुरुस्त करेल. बाहेरच्याला पेन्सिल देऊन एवढंच सांगा, "जिथे 'हा कोण?' असं वाटेल तिथे खूण कर." दुसऱ्या पुस्तकाला मी हे केलं, पहिल्या फॉर्मातच एकवीस खुणा आल्या. आतल्या पानावर मुलाखती कधी झाल्या, कुणी घेतल्या, आवृत्ती कितवी आणि साल कोणतं हे विसरू नका. बिनसालाची घरगुती पुस्तकं मी इतकी पाहिली आहेत की आता हात जोडते.

१०. ठेवायचं कुठे

प्रती विखरून ठेवा. एका कपाटात पन्नास प्रती म्हणजे एका गळक्या छपराची सोय. वेगवेगळ्या शहरांतल्या नातेवाइकांकडे, आणि एखाद्या सार्वजनिक किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात, ते घेत असतील तर. डिजिटल फाइलींचा नियम म्हणजे तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. त्यात पुस्तकाची पीडीएफ, साधा मजकूर, फोटोंचे मूळ स्कॅन आणि आवाज. वर्षातून एकदा उघडून बघा, उघडतायत ना ते.

पुस्तकाच्या शेवटी चार कोरी पानं ठेवा, 'दुरुस्त्या आणि भर' असं वर छापून. लोक पेन्सिलीने लिहितात. वर्षभराने मी आत्याच्या पुस्तकाच्या अकरा प्रतींमधली ती पानं गोळा केली आणि दुसरी आवृत्ती काढली. या वेळी सुरुवातीला 'कोण कुणाचं' होतं, दादा पहिल्या क्रमांकावर, पूर्ण नावासकट.

भाचीच्या मुलीला पहिली प्रत नेऊन दिली. तिने ते पान बोट ठेवून खालपर्यंत वाचलं, मग प्रकरणं उलटली, तिरक्या टाइपातल्या माझ्या टिपांपाशी थांबली.

"आणि इथे सारखं 'मी', 'मी' म्हणतंय ते कोण?"

यादीत सगळी होती, माझं नाव नव्हतं. तिच्याच पेन्सिलीने शेवटच्या ओळीखाली लिहिलं.